पोटखराबा म्हणायचं नाही

सुदाम,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बोलणारे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. आदर्श शिक्षक म्हणाले, वृक्षप्रेमी म्हणाले. एकानं तर तुला 'निसर्गाचा निःस्वार्थ सेवक' करून टाकलं. मागच्या रांगेत बसलेल्या मला हसू आवरेना. निःस्वार्थ, आणि तू? न विचारता सीताफळं तोडली म्हणून सरपंचाच्या मेव्हण्याला टेकडीच्या माथ्यावरून पार डांबरी रस्त्यापर्यंत पळवणारा तू? तुला झाडं आवडायची हे खरं, पण 'माझी झाडं' आवडायची. काल तासभर सगळे झाडांबद्दल बोलले आणि 'माझी' हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. मी उठून बोलणार होतो, पण शांतावहिनींनी नजरेनंच खाली बसवलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती त्या मांडवात सगळ्यांसमोर सांगण्यासारखी नव्हती.

तू माझी ओळख करून द्यायचास ती आठवते? "ह्यो अंत्या. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, अन् आता आमच्या गावचा तलाठी हाय. दोन्हीकडं माझ्याच जागेवर अतिक्रमण." लोक हसायचे. मी अहमदपूरच्या पक्क्या घरातला, वडील कारकून, आजोबा कारकून. तू रोज एस.टी.नं यायचास आणि गाडी चुकली तर चालत. फिरत फिरत माझी बदली तुझ्याच गावाच्या सज्जावर झाली तेव्हा पहिल्या दिवशी तू दप्तरात येऊन खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, "चहा मागव. अन् माझ्या रानाचा सातबारा काढ."

तो मी काढला. टेकडीच्या उताराचा तो सबंध तुकडा, आणि त्याच्यापुढे एकच शब्द, पोटखराबा. ज्या जमिनीत पीक येत नाही तिला आम्ही तलाठी पोटखराबाच लिहितो. दिवसातून वीस वेळा लिहायचो. त्यात कोणाला काही लागण्यासारखं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तू कागदावर बोट ठेवलंस आणि म्हणालास, "गावानं आमाला बाहेर ठेवलं, ते समजलं. पण कागदानंबी आमच्याच जमिनीला खराब म्हणावं का रे?"

तुझे वडील, नाना, विहिरी फोडायच्या कामावर होते, सुरुंग लावायचे. हाताशी थोडं जमल्यावर त्यांना जमीन घ्यायची होती, पण बौद्धवाड्यातल्या माणसाला काळी जमीन विकायला गावात कोणी तयार होईना. विकला तो हा उतार. नुसता खडक, मुरूम आणि कुसळं. त्यावर नाना म्हणाले होते, "खडक तर खडक. आपल्याला फोडता येतो की." हे तू मला किती वेळा सांगितलंस! दर वेळी सांगताना त्यांच्यासारखीच छाती पुढे काढायचास.

खडक फोडायची वेळ काही आली नाही. त्या उतारावर पूर्वी कधीतरी झाडी होती, ती तोडून तोडून संपली होती, पण बुडखे जमिनीत जिवंत होते. तू झाडं लावली असं काल सगळे म्हणाले. तू फार झाडं लावलीच नाहीस. तू बकऱ्या आत येऊ दिल्या नाहीस, कुऱ्हाड आत येऊ दिली नाहीस, आणि त्यापायी अर्ध्या गावाशी वैर घेतलंस. मग बुडखे फुटले. एका बुडख्यातून पाच-सहा धुमारे निघायचे. त्यातला सरळ, तगडा एक ठेवायचा आणि बाकीचे काढायचे, म्हणजे त्या एकाचं झाड होतं, हे तू स्वतःच्या चुकांतून शिकलास. दर हिवाळ्यात, शाळा सुटली की कोयता घेऊन वर. मी एकदा म्हणालो, "अरे, जंगल वाढवायचंय आणि तूच तोडत बसलायस?" तू म्हणालास, "वर्गात साठ पोरं कोंबली तर एक तरी शिकतं का?" धावडा, साग, पळस, आपटा, मधेमधे सीताफळ. वीसेक वर्षांत त्या उतारावर उन्हाळ्याच्या दुपारी सावलीत बसता येऊ लागलं. त्या सावलीत मी कितीदा जेवलो आहे. वहिनींच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन, तुझ्याशी भांडून, तिथंच डुलकी काढली आहे. माझ्या घरच्या पलंगावर मला तशी झोप कधी लागली नाही.

मग तो पीकपाहणीचा दिवस आला. पाहणीला वर्षातून एकदा तलाठ्यानं शेतात जाऊन काय उभं आहे ते लिहायचं असतं. बहुतेक जण चावडीत बसूनच लिहितात, मीही लिहायचो. त्या वर्षी तू मला हाताला धरून वर नेलंस. तीन दगडांच्या चुलीवर चहा केलास. नोंदवही माझ्या मांडीवर उघडी होती आणि रकाना होता, 'लागवडीस उपलब्ध नसलेल्या जमिनीचे स्वरूप'.

"झाडी लिही," तू म्हणालास. "आमी झाडीच म्हणतो."

"झाडी हा काय सरकारी शब्द झाला?" मी म्हणालो. माझं अक्षर सबंध तालुक्यात वाखाणलं जायचं आणि मला त्याचा माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी टोपण काढलं, आणि त्या रकान्यात, मोठ्या डौलदार अक्षरात लिहिलं, 'वन'.

तू वही ओढून घेतलीस. त्या शब्दावरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, "नाना पाहिजे होते."

त्याची नक्कल तू मागून नेलीस, काच लावून घेतलीस आणि घरात बुद्धमूर्तीच्या शेजारच्या भिंतीवर टांगलीस. सातवीचा सबंध वर्ग तिच्यासमोर उभा करून मराठीचा तास घेतलास. मला वाटलं, आयुष्यात एक चांगलं काम आपल्या हातून झालं.

दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीत कुठल्याशा साहेबानं संगणकात तो शब्द शोधला. सरकारी कागदावर जिथं 'वन' लिहिलेलं आहे त्या जमिनी निघाल्या, त्यात तुझा उतारही निघाला. नोटीस आली. जमीन तूर्त तुझ्याच नावावर राहणार, कर तूच भरायचा, पण परवानगीशिवाय तिथं कुऱ्हाड, कुदळ, कुंपण काही चालायचं नाही. सुनावणी होईपर्यंत पडलेलं, वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं आपल्या उतारावरचं झाडन् झाड कापून, जेसीबी फिरवून सोयाबीन पेरलं होतं. त्याला नोटीस नाही, कारण त्याच्याकडे वन नाही! ज्यानं राखलं तो चौकशीत आणि ज्यानं कापलं तो मोकळा. असले नियम करणाऱ्यांना एकदा तुझ्या वर्गात, मागच्या बाकावर उभं करायला हवं होतं.

नोटीस घेऊन तू अहमदपूरला माझ्या घरी आलास. मी वाचली. त्यात माझाच शब्द होता, 'वन'. शिव्या घालशील म्हणून मी वाट बघत बसलो. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, "तुझं अक्षर लई चांगलं रे अंत्या. कोन्याबी सायबाला वाचता आलं."

त्या एका वाक्यानं दोन वर्षं माझा पिच्छा सोडला नाही.

मग मी माझी अक्कल चालवली. चाळीस वर्षं कागदांत घालवलेल्या माणसाची अक्कल ती, ती कागदाबाहेर जातच नाही. मी एक अर्ज तयार केला. 'सदर नोंद तत्कालीन तलाठ्याच्या हस्तदोषाने झालेली असून, प्रत्यक्षात जमीन पोटखराबा आहे, तरी दुरुस्ती व्हावी.' हस्तदोष म्हणजे लिहिताना हाताची झालेली चूक. खाली माझी सही आणि कबुली, वर तुझ्या सहीला जागा. एक सही केली असतीस तर बहुधा सगळं मिटलं असतं. तू अर्ज वाचलास, घडी घातलीस आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवलास.

"म्या माझ्या रानाला पुन्हा खराब म्हणणार न्हाई."

"अरे, नुसता शब्द आहे तो! कागदावरचा."

"हाव. अन् कागदावरच्या शब्दावरच नोटीस आली न्हवं?"

"मग काय, वन म्हणून सरकारजमा करणार?"

"वनबी हाय, अन् माझंबी हाय. दोन्ही खरं हाय. एक खरं करायला दुसरं खोटं कशाला करू? वन हाय तर ते कुणामुळं हाय, हे विचारा की आधी."

मी चिडलो. हट्टी म्हणालो, अडेलतट्टू म्हणालो. आणि मग जे बोलायला नको होतं ते बोललो. "तुझ्या या ताठ्यापायी रान जाईल. पोरीला काय ठेवशील?"

तू दारापर्यंत गेला होतास. वळून म्हणालास, "पोरीला पोटखराबा ठेवू का?"

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत आपण बोललो नाही. मग एक दिवस अहमदपूरच्या बसस्टँडवर समोरासमोर आलो. तू काही न विचारता दोन चहा सांगितलेस, माझा बिनसाखरेचा. आपण पावसाबद्दल बोललो, तुझ्या गुडघ्याबद्दल बोललो, तुझ्या सुजाताच्या लातूरच्या दवाखान्यातल्या ड्युटीबद्दल बोललो. त्या भांडणाबद्दल अवाक्षर नाही. तुझी गाडी लागली. तू चढलास आणि खिडकीतून हात हलवलास. तुझंच बरोबर होतं, हे मला त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. चहाचा कप हातात असताना ते ओठांवर आलं होतं, सुदाम. मी ते गिळलं. तीच ती सांगायची राहिलेली गोष्ट.

तुझा अर्ज तू स्वतः लिहिलास. मी तो आता वाचला, सुजातानं दाखवला. अक्षर तुझं नेहमीचंच, फळ्यावरच्यासारखं ठळक. 'वन ही नोंद कायम ठेवावी. माझी मालकी कायम ठेवावी. धुमारे काढण्याची, वाळलेले व पडलेले लाकूड नेण्याची, सीताफळे उतरवण्याची माझी वहिवाट कायम ठेवावी. जंगल राखणारा माणूस जंगलाबाहेर काढून जंगल राहत नाही.' असा अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यात एकदाही 'कृपावंत व्हावे' नाही.

तारखा पडत गेल्या. दोन हिवाळे कोयता भिंतीला टांगलेला राहिला. एकेका बुडख्यावर सहा-सहा धुमारे दाटीनं वाढले, कोणालाच अंग धरता येईना, वेली चढल्या, नुसतं गचपण झालं. तू काठीनं एकेक दाखवायचास. "हे बघ, ह्याचं झाड झालं असतं. हे बघ, ह्याचंबी." तुझा आवाज चढायचा आणि मग एकदम बसायचा. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी वर येणं कमी केलं. त्याचीही मला लाज वाटते.

गेल्या वैशाखातल्या वादळात तो धावडा पडला. तू पहिल्यांदा ज्या बुडख्यावर एकच धुमारा ठेवला होतास तोच. मुळासकट आडवा. उचलायची परवानगी मागणारा अर्ज तू दुसऱ्याच दिवशी दिलास. उत्तर आलं नाही. वहिनी सांगत होत्या, मग तू रोज सकाळी जाऊन त्याच्या खोडावर बसायचास, घरून चहाचा थर्मास नेऊन. तेवढं बसायला परवानगी लागत नव्हती.

आणि मग त्या सोमवारी सकाळी सुजाताचा फोन आला.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सरणासाठी अहमदपूरच्या वखारीतून लाकूड आणायला टेम्पो सांगून झाला होता. वहिनी आतून बाहेर आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. त्या म्हणाल्या, "वखारीचं लाकूड न्हाई लागायचं. धावडा पडलाय वर."

कोणीतरी हळूच म्हणालं, "वहिनी, नोटीस हाय. केस चालू हाय."

"माझ्या मालकाच्या रानात त्यांच्याच हातचं झाड आडवं हाय, अन् त्यांना मी इकत आणलेल्या लाकडावर ठेवू? कोण अडवतंय त्याला माझ्याम्होरं आणा."

कोणी आणलं नाही. सुजातानं पदर खोचला आणि भिंतीवरचा कोयता काढला. दहा-बाराजण कुऱ्हाडी, करवती घेऊन वर गेले. मीही गेलो, सत्तरीला टेकलेला, दम लागणारा निवृत्त तलाठी. एक फांदी मी खांद्यावर आणली. ती जड होती. अजून उजवा खांदा दुखतो आणि मी त्यावर मलम लावलेलं नाही.

खालच्या स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा वनरक्षक आला. तुझाच विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं लाकडाकडे पाहिलं. त्याला धावडा ओळखता येत नसेल असं नाही, तूच शिकवलेला. त्यानं टोपी काढली आणि शेवटपर्यंत हात जोडून उभा राहिला. धावडा चांगला पेटतो, तू म्हणायचास. चांगला पेटला.

सहाव्या दिवशी तो पुन्हा आला, कागद घेऊन. कोणीतरी फोटो काढून वर पाठवला होता आणि वरून त्याला फोन आला होता. दारातच थबकला बिचारा. "काकू, मला गुरुजींच्या दारात ह्ये घेऊन यायची हिंमत होत न्हवती. पण पंचनामा करावाच लागतो."

वहिनींनी त्याला बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, "तू तुझं काम कर. आम्ही लपवून काय केलं न्हाई."

सुजाता म्हणाली, "माझं नाव लिहा. कोयता मी काढला."

"थांबा," मी म्हणालो. "मी लिहितो. तू सांग, मी लिहितो."

वनरक्षकानं कागद माझ्याकडे सरकवला. त्याला बरंच वाटलं असावं. त्याच्या अक्षरावरून तू सातवीत त्याला काय काय बोलला होतास ते त्यालाही आठवत असणार.

मी पेन हातात घेतलं, सुदाम, आणि डोक्यात सुनावणीचंच घोळत होतं. पुढच्या सोमवारी सुनावणी आहे. सुजाता तुझ्या जागी उभी राहणार आहे, तुझाच अर्ज घेऊन, त्यातली एक ओळ न बदलता. मीही उभा राहणार आहे. विचारतील, ही नोंद कोणी केली? मी सांगेन, मी केली. जागेवर जाऊन, झाडांखाली बसून, डोळ्यांनी बघून केली. हस्तदोष नाही. जे होतं ते लिहिलं. आणि ज्याचं होतं त्याचं नाव त्याच कागदावर, वरच्याच बाजूला आहे, तेही वाचा. 'वन' तेवढं वाचता येतं आणि मालकाचं नाव वाचता येत नाही, असं कसं? आता माझी पेन्शन थांबवतील का काय करतील ते करोत. मला खरंच पर्वा नाही.

पंचनाम्यात पहिला रकाना आला, जमिनीचे स्वरूप. मी लिहिलं, 'वन'. आणि त्याच ओळीत पुढे, 'खाजगी मालकीचे'. वनरक्षकानं मान हलवली. झाडाची जात: धावडा. झाड कशाने पडले: वादळाने.

मग त्यानं विचारलं, "लाकूड कोणी नेलं?"

सुजाता काही बोलणार होती. मी हातानं तिला थांबवलं आणि लिहिलं, 'मालकाने'.

वनरक्षकानं पुढचा रकाना वाचला. "कशासाठी?"

मी टोपण काढून होतोच. अगदी त्या दिवशीसारखं, मोठ्या, डौलदार अक्षरात लिहिलं, 'स्वतःच्या वापरासाठी'.

त्यानं वाचलं आणि सही केली. वहिनींनी अंगठा नाही लावला, तू शिकवलेली सही केली. मी साक्षीदार म्हणून केली. अक्षर फार चांगलं आलंय, सुदाम. कोन्याबी सायबाला वाचता येईल.